पाणी आधी, काडी नंतर

कायद्याच्या दृष्टीनं माझा पहिला बॉयलर हा बॉयलरच नव्हता. १९२३ चा बॉयलर कायदा आम्ही परीक्षेसाठी घोकला होता. दाबाखाली वाफ करण्यासाठीच बनवलेलं, २२.७५ लिटरपेक्षा जास्त पाणी मावणारं बंद भांडं म्हणजे बॉयलर, असं त्यात लिहिलेलं. हा २२.७५ चा विचित्र आकडा कुठून आला, तर मूळ कायद्यात पाच गॅलन होते, पुढे त्यांचे लिटर केले. माझ्या त्या पहिल्या बॉयलरमध्ये चहाचे दोन कप मावायचे. म्हणजे त्याला ना इन्स्पेक्टर, ना वर्षाचा दाखला, ना तो चालवणाऱ्याला सर्टिफिकेट. तो घरी आला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो.

पुढे चौतीस वर्षं मी बॉयलरवरच भाकरी खाल्ली. आधी इंदूरच्या एका मिलमध्ये, ती बंद पडल्यावर पीथमपूरला. (इंदुरात मराठी माणूसही कापडाच्या कारखान्याला गिरणी म्हणत नाही. गिरणी पिठाची, कापडाची ती मिल.) मोठ्या बॉयलरांनी मला पगार दिला. पण बॉयलरला घाबरायचं किती आणि कशासाठी, हे शिकवलं त्या दोन कपांच्या बॉयलरनं.

आम्ही रामबागेत राहायचो. अण्णा मिलमध्ये बॉयलर खात्यात फिटर. होळकरांच्या पदरी असलेल्या एका घराण्याचा जुना वाडा तेव्हा हळूहळू रिकामा होत होता. तिथल्या विहिरीवरचा पंप बघायला अण्णा रविवारी जायचे. एका रविवारी सायकलच्या कॅरियरला एक लाकडी पेटी बांधून आले. वाड्यातल्या म्हाताऱ्या बाईसाहेबांनी दिली होती. "हे चालतं का बघा हो. नाही चाललं तर परत आणू नका." चाललं तर काय करायचं, ते त्या बोलल्या नव्हत्या. अण्णांनी आठ दिवसांत ते चालवलं आणि इमानदारीत सांगायलाही गेले. बाईसाहेब म्हणाल्या, "राहू द्या, पोरं खेळतील."

पेटीत होतं ते वाफेचं इंजिन. रुळावरचं नव्हे, एका जागी उभं राहून चक्र फिरवणारं. पत्र्याच्या बैठकीवर विटांच्या बांधकामाचं चित्र छापलेलं, त्यावर आडवा पितळी बॉयलर, बाजूला पत्र्याचं धुराडं, समोर एक लहानसा सिलिंडर आणि लाल रंगाचं बिडाचं चक्र. बॉयलरच्या डोक्यावर दोन गोष्टी: एक शिट्टी आणि एक स्प्रिंगचा सेफ्टी व्हॉल्व्ह. खाली सरकवायला चपटा स्पिरिटचा दिवा. बैठकीवर तीन इंग्रजी अक्षरं होती, जी, बी, एन. अण्णांनी अर्थ लावला, ग्रेट ब्रिटन. मग एन कशाचा? म्हणाले, "असेल नंबर." ते गेब्रूडर बिंग, न्यूर्नबर्ग आहे, म्हणजे जर्मनीतल्या न्यूर्नबर्गचे बिंग बंधू, हे मला कळलं तेव्हा अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली होती. इग्नाझ आणि अडॉल्फ बिंग या भावांनी १८६३ साली सुरू केलेली ही कंपनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगातल्या सर्वांत मोठ्या खेळणी बनवणाऱ्यांत गणली जायची, आणि तिशीच्या मंदीत ती बुडाली. म्हणजे आमच्या ओसरीवर ते इंजिन धावलं, तेव्हा ते घडवणारं घर जगात नव्हतं.

पहिल्यांदा ते पेटलं ती संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढे आजही जशीच्या तशी आहे. अण्णांनी पेटी ओसरीवर मांडली, पण काडेपेटीला हात लावला नाही. आधी पावसाचं धरून ठेवलेलं पाणी आणायला मला पिटाळलं. आमच्या विहिरीचं पाणी जड. उकळलं की भांड्याच्या बुडाला पांढरा थर. नर्मदेचं पाणी इंदुरात आलं १९७८ साली, तोपर्यंत हे असंच. सेफ्टी व्हॉल्व्ह फिरवून काढला, त्या भोकातून नळकांड्यानं पाणी भरलं, पाऊण भरल्यावर थांबले. "काठोकाठ का नाही?" मी विचारलं. "वाफेनं बसायचं कुठं मग?" मग दिव्यात स्पिरिट. आमच्याकडे स्टोव्ह पेटवायला ते असायचंच, आईनं नाक मुरडत बाटली दिली. शेवटी चक्राच्या दांड्यावर आणि सिलिंडरच्या तोंडाशी तेलाचा एकेक थेंब. तेही घरातलं नाही. मी शिवणयंत्राचं तेल आणलं होतं, ते त्यांनी परत ठेवायला लावलं. पातळ तेल वाफ धुऊन नेते म्हणे. मिलमधून औषधाच्या बाटलीत काळपट, मधासारखं दाट तेल आणलेलं होतं.

मग काडी.

पाच-सहा मिनिटं काहीच होत नाही. मुलाला ती पाच मिनिटं एका तासासारखी वाटतात. मग बॉयलरच्या आत कुजबुज सुरू होते. पाणी उकळायला लागलं की ती कुजबुज थांबते, आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या कडेला वाफेचा एक बारीक केस दिसतो. अण्णांनी बोटानं चक्राला टिचकी मारली. सिलिंडरनं गरम पाणी थुंकलं, चक्र अर्धा फेरा फिरून थांबलं. पुन्हा टिचकी, पुन्हा थुंकी. तिसऱ्या का चौथ्या वेळेला ते आपलं आपण फिरलं, आणि मग थांबेचना. सिलिंडर स्वतःच डावी-उजवीकडे डुलत होता. मोठ्या इंजिनात असतात तसले झडपांचे दांडे यात नाहीत. सिलिंडर एका बाजूला डुलला की त्याचं भोक वाफेच्या भोकासमोर येतं आणि वाफ आत शिरून दट्ट्याला ढकलते. दुसऱ्या बाजूला डुलला की तेच भोक बाहेर जाण्याच्या वाटेसमोर येतं. एक भोक, दोन दारं. एवढ्यावर सगळं चालतं. हे मला कोणी समजावून सांगितलं नाही, समोर दिसत होतं. गरम पितळ, दाट तेल आणि स्पिरिट यांचा एकत्र वास कसा असतो, ते लिहून सांगता येणार नाही.

आजी देवघरातून उठून आली. तिनं चक्राकडे पाहिलंच नाही. तिनं विचारलं, "पाणी आहे ना रे त्यात?"

कारण आजीकडे स्वतःचा बॉयलर होता. न्हाणीघरातला तांब्याचा बंब. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी: मधोमध विस्तवाची नळी, तिच्याभोवती पाणी, वरून पाणी घालायचं, खाली नळ. रोज पहाटे तो पेटवायचा मान तिचा. बंबात पाणी घातल्याशिवाय विस्तव घालू नये, नाही तर झाळ सुटते आणि बंब कायमचा गळका होतो, हे ती नव्या सुनेला पहिल्या दिवशी सांगायची. मिलमध्ये पुढे साहेबांनी आम्हाला इंग्रजीत जे शिकवलं, त्यात याहून वेगळं काही नव्हतं. फक्त शब्द लांब होते.

अण्णांचा नियम असा: एक दिवा, एक भरणं. दिव्यातलं स्पिरिट संपलं की इंजिन थांबू द्यायचं, थंड होऊ द्यायचं, पाणी पुन्हा भरायचं, मगच दुसरा दिवा. मला वाटायचं, दिवा मुद्दाम चिंधी ठेवलाय, खेळ लवकर संपावा म्हणून.

दोन वर्षांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, अण्णा पाळीवर, आई आणि आजी कीर्तनाला. शेजारचा एक मित्र बघायला आलेला. पहिला दिवा संपला. मित्र म्हणाला, "बस? इतकंच?" एवढं पुरे होतं. मी पाणी न भरता दिवा पुन्हा भरला. इंजिन छान धावलं, नेहमीपेक्षा जोरात धावतंय असं वाटलं, मग मंदावलं. मी टिचक्या मारत राहिलो. दिवा जळतच होता. आणि मग शिट्टी वाकडी झाली. नुसती वाकडी झाली, आवाज न करता, मेणबत्ती कलावी तशी, आणि आडवी पडली. तिच्या बुडाशी चांदीसारखा एक थेंब जमला, बॉयलरच्या पोटावरून ओघळला आणि दिव्यात पडला. मित्र पळाला. मी दिवा ओढून काढला, त्यात बोट भाजलं. तो डाग अजून आहे, उजव्या हाताच्या तर्जनीवर.

अण्णा आले, त्यांनी पाहिलं, जेवले. मारलं नाही. मी मार खायला तयार होतो, त्यामुळे ते फार अवघड गेलं. जेवण झाल्यावर जुन्या वहीचं एक पान फाडलं, त्याची चौकोनी होडी केली, तिच्यात पाणी घातलं आणि स्टोव्हच्या मंद आचेवर चिमट्यात धरली. कागद पेटेल म्हणून मी वाट बघत होतो. कागद पेटला नाही. पाणी उकळलं. कागदाच्या होडीत पाणी उकळलं! "आता बघ." पाणी आटत आलं, कडेचा कागद पिवळा झाला, तपकिरी झाला, आणि भपकन पेटला. होडी मोरीत फेकून अण्णा म्हणाले, "तुझी शिट्टी."

पाणी आहे तोवर आगीची उष्णता पाणी घेऊन जातं; पितळ पाण्यापेक्षा फार तापू शकत नाही. पाणी गेलं की उष्णता जाणार कुठे? पितळात. शिसं आणि कथलाचं झाळकाम दोनशे अंशांच्या आतच वितळतं. हे त्यांनी बोलून सांगितलं ते नंतर. आधी कागद.

इंजिन त्यांनी स्वतः दुरुस्त केलं नाही. बर्तन बाजारातल्या एका कारागिराच्या दुकानात मला नेऊन बसवलं. तीन संध्याकाळी मी तिथे बसलो. जुनं झाळकाम खरवडणं, पितळ घासून उजळ करणं, तेजाब लावणं, मग डाग. पहिल्या वेळेला शिट्टी तिरकी बसली. कारागीर म्हणाला, "चलेगी, भिया." अण्णांनी ती काढायला लावली.

त्या काळात माझ्या बरोबरीच्या मुलांकडे वाफेचं खेळणं नव्हतं असं कोणी समजू नये. होतं, आणि ते आठ आण्यांना मिळायचं. पत्र्याची फटफट करणारी बोट! जत्रेत परातीत पाणी घालून विक्रेता ती फिरवत ठेवायचा. पोटात तेलाची वात, तिच्यावर पत्र्याची चपटी डबी, डबीतून मागे जाणाऱ्या दोन नळ्या. ना चक्र, ना दट्ट्या, ना झडप. डबीतलं पाणी भसकन वाफ होतं आणि नळीतलं पाणी मागे फेकतं. वाफ थंड होऊन आकसते, तेव्हा पाणी परत आत ओढलं जातं. पण फेकताना ते एका दिशेनं धारेसारखं जातं आणि ओढताना चहूबाजूंनी येतं, म्हणून बोट पुढेच जाते, मागे येत नाही. याचं पेटंट थॉमस पियो नावाच्या माणसानं १८९१ मध्ये इंग्लंडात घेतलं होतं. माझ्या मते हे बिंगच्या इंजिनापेक्षा हुशार यंत्र आहे. पण आम्ही त्याला खेळणं म्हणायचो आणि इंजिनाला यंत्र, कारण एक आठ आण्यांचं होतं.

आणि खरी इंजिनं तर होतीच. खंडव्याला मामाकडे जायचं तर मीटर गेजची गाडी. इंदूरला रेल्वे हवी म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये इंग्रजांना एक कोट रुपये साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीनं दिले, आणि पहिलं इंजिन इंदुरात हत्तींनी ओढून आणलं, ही गोष्ट आमच्याकडे शाळेत जायच्या आधीच कानावर पडते. परतीच्या प्रवासात कालाकुंडला पळसाच्या पानावरचा कलाकंद घ्यायचा आणि गाडीला मागून दुसरं इंजिन लागताना बघायचं. तिथून पातालपाणीचा घाट चढायचा, चाळीस फुटांना एक फूट असा. खिडकीबाहेर डोकं काढून डोळ्यांत कोळशाचे कण घेणारी मुलं पुष्कळ होती. माझं लक्ष फायरमनकडे. फावडं मारायच्या आधी तो काय बघतो? प्रत्येक वेळी वर, काचेच्या एका नळीकडे बघायचा. अण्णांना विचारलं. म्हणाले, "पाणी."

मिलमध्ये लागलो तेव्हा मी विशीचा. दोन लँकशायर बॉयलर होते. आडवं पडलेलं लोखंडी पिंप समजा, माणसाच्या उंचीपेक्षा जाड, आणि आतून आरपार दोन नळ्या, त्यांच्या तोंडाशी भट्ट्या. नीट पाहिलं तर आजीचाच बंब, आडवा केलेला आणि दोन नळ्यांचा. खातं चालवायचं इंजिन केव्हाच गेलं होतं, सगळीकडे मोटारी आल्या होत्या. वाफ लागायची ती सुताला खळ लावायला, रंगाईला, धुलाईला. आणि भोंग्याला. आमचा भोंगा वाजला की अर्धा परदेशीपुरा घड्याळं लावायचा. तो ओढायची जबाबदारी आमची, आणि त्यात एक मिनिट इकडे-तिकडे झालं तर दुसऱ्या दिवशी पानवालासुद्धा बोलायचा.

पहिल्या दिवशी जुन्या आगवाल्यानं मला बॉयलरसमोर उभं केलं. "पानी कितना है?" काचेची नळी स्वच्छ, पारदर्शक होती. मी म्हणालो, रिकामी दिसते. तो हसला. पूर्ण भरलेली काच आणि पूर्ण रिकामी काच दिसायला सारखीच. ज्याला हे ठाऊक नाही, तो एक दिवस मरतो आणि चार जणांना घेऊन मरतो. म्हणून काचेच्या मागच्या पट्टीवर तिरके काळे-पांढरे पट्टे रंगवलेले असतात. नळीत वाफ असेल तर पट्टे जसे आहेत तसेच दिसतात. पाणी असेल तर ते उलट्या बाजूला कललेले दिसतात, कारण पाण्यानं भरलेली नळी भिंगासारखं काम करते. रंगाच्या डब्यात आणि एका ब्रशात काम भागलं. मला आजवर भेटलेल्या सगळ्या युक्त्यांत ही मला सर्वांत आवडते.

तरी नुसतं बघून विश्वास ठेवायचा नाही. दर पाळीला काच फुंकायची. खालचा कॉक उघडला की पाणी सूं करून निघून जातं. बंद केला की झटकन परत वर आलं पाहिजे. रेंगाळत आलं तर वाटेत काहीतरी अडकलंय. इन्स्पेक्टर वर्षातून एकदा यायचा, काच रोजची होती.

झांकीचं सांगितल्याशिवाय इंदूरच्या मिलचं सांगून होत नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलांच्या झांक्या निघतात, ती परंपरा हुकुमचंद मिलपासून सुरू झाली आणि शंभरी गाठून बसली आहे. आमच्या मिलच्या झांकीत एकदा कंसवध होता. कंसाचा तलवारीचा हात वर-खाली व्हायला हवा होता. कलाकारानं हात छान केला, पण तो हलवणार कसा? अण्णा तेव्हा निवृत्तीला आलेले. ते घरी आले, ट्रंकेतून ते जुनं इंजिन काढलं, चक्रावरचा क्रँक बोटानं फिरवून बघितला, आणि परत गेले. त्या रात्री जवाहर मार्गावर गर्दीत आईच्या शेजारी उभा राहून मी कंसाचा हात पाहिला. बिंगच्या दट्ट्याची चाल जशी होती, तशीच. वर जाताना जरा थांबल्यासारखा, खाली येताना घाईनं.

मिल बंद पडली. त्याचं मी फार लिहिणार नाही, इंदुरात ज्याच्या घरी मिल होती त्याला सांगायची गरज नाही आणि ज्याच्या घरी नव्हती त्याला कळणार नाही. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद झाली आणि तिथल्या कामगारांच्या थकलेल्या पैशांचा २२४ कोटींचा चेक निघायला २५ डिसेंबर २०२३ उजाडला. यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधावा. आमचे दोन बॉयलर गॅस कटरनं कापून भंगारात गेले. मी ते बघायला गेलो नाही.

पीथमपूरला मी ज्या कारखान्यात होतो त्याचं नाव सांगत नाही. बॉयलर लहान होता, कोळसा हातानं टाकायचा. रात्रपाळी, जानेवारीची थंडी, हातातली पाळी नुकतीच घेतलेली. काच अर्धी भरलेली दिसत होती, पट्टे अर्ध्यापर्यंत उलटे. सगळं ठीक. आधीच्या पाळीच्या मुलानं वहीत 'काच फुंकली' असं लिहिलेलं. ते अक्षर फार नीट होतं. सवयीनं मी खालचा कॉक उघडला. पाणी गेलं. बंद केला. पाणी परत आलं नाही.

मी पुन्हा उघडून बंद केला. आलं नाही. दुसरी काच बघितली. ती आठवड्यापासून गळत होती म्हणून कॉक बंद करून ठेवलेली. उघडली. तिच्यात फक्त वाफ.

माझ्यासोबत एक मदतनीस होता, वीस-बावीस वर्षांचा. त्याला परिस्थिती कळली आणि त्याचा हात सरळ पंपाच्या बटणाकडे गेला. कोणाचाही गेला असता. पाणी कमी आहे, तर पाणी घाल. मी त्याचं मनगट धरलं. आत लोखंड किती तापलंय, कुठवर उघडं पडलंय, काही माहीत नाही; त्यावर गार पाणी पडलं तर पत्रा तडकू शकतो, आणि पाण्याची वाफ होताना ती सोळाशेपट जागा मागते. पंखे बंद केले, डँपर लावला, आणि राखेच्या ढिगावर बादली ओतून ओली राख भट्टीत निखाऱ्यांवर पसरली. फावडं मी मारत होतो, तो राख भिजवत होता. मग दोघं बाहेर जाऊन आवारातल्या लिंबाखाली उभे राहिलो. आत दाबाचा काटा हळूहळू उतरायला दोन तास लागले. त्या दोन तासांत मला एकच चित्र दिसत होतं. शिट्टी, मेणबत्तीसारखी, आवाज न करता आडवी होणारी.

सकाळी साहेब आले. त्यांचा पहिला प्रश्न, किती तास उत्पादन बंद राहिलं. मी सांगितलं. दुसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही. दोन दिवसांनी बॉयलर उघडला तेव्हा काचेकडे पाणी नेणाऱ्या वाटेत क्षाराचा खडा निघाला, हरभऱ्याएवढा. काचेत अर्ध्यावर दिसत होतं ते कालचं, अडकून पडलेलं पाणी. पितळेचा फ्यूजिबल प्लग शाबूत होता. तो असतोच यासाठी, पाणी फार उतरलं की त्यातला नरम धातू वितळतो आणि वाफ भट्टीत सुटून आग विझवते. म्हणजे आम्ही वेळेत होतो, पण फार वेळ उरला नव्हता. त्या मदतनिसाला मी नंतर घरी बोलावलं आणि कागदाची होडी करून दाखवली. आता तो स्वतः फर्स्ट क्लास अटेंडंट आहे, मध्यंतरी फोनवर म्हणाला, त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला तो होडी दाखवतो.

निवृत्तीनंतर मी ती ट्रंक उघडली. मधल्या काळात मुंबईच्या चोर बाजारातून घेतलेलं एक मॅमॉडही तिच्यात होतं. बर्मिंगहॅमच्या जेफ्री मॅलिन्स यांनी १९३७ मध्ये ही कंपनी काढली, मॅलिन्स आणि मॉडेल्स मिळून मॅमॉड. चांगलं, दणकट खेळणं आहे. पण माझा जीव बिंगवर. त्याला उघडलं, सिलिंडरवरचं जुनं तेल काळ्या डांबरासारखं झालेलं, ते घासलेटानं काढलं. सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग गंजून गेली होती, नवीन बसवली. जास्त कडक बसवायचा मोह होतो, इंजिन जोरात पळतं, बसवू नये. मग बॉयलरची चाचणी. कायदा लागू नसला तरी सवय जात नाही: गार पाणी काठोकाठ भरून, नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब हातपंपानं दिला आणि दहा मिनिटं बघत बसलो. शिट्टीच्या बुडाशी, मी अकराव्या वर्षी दिलेला डाग. एक थेंबही नाही.

परवा मोजून पाहिलं, दिवा काठोकाठ भरला तर अकरा मिनिटं जळतो. बॉयलर पाऊण भरलेला असेल तर त्या अकरा मिनिटांनंतरही तळाशी बोटभर पाणी उरतं. दिवा लहान होता तो चिंधीपणा नव्हता. न्यूर्नबर्गच्या कोण्या कारागिरानं पाणी संपण्याआधी आग संपेल, असं माप काढून तो पत्रा कापला होता. घड्याळ समोर ठेवून चार वेळा मोजलं. चारही वेळा पाणी उरलं.

दर रविवारी सकाळी नऊला मी ते अंगणात चालवतो. गल्लीतली मुलं येतात, मोठी माणसंही येतात, कठड्याला टेकून उभी राहतात आणि पहिली पाच मिनिटं काही होत नाही म्हणून मोबाईल काढतात. ज्यांना बघायचं असेल त्यांनी यावं. पाणी कोणीही भरावं, पावसाचं असेल तर उत्तम. काडेपेटी माझ्या खिशात असते.